फलकावरून उतरवलेला फोटो

पत्र :

ताई, मी मुलींच्या माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या वर्षापासून नववीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास फोटोग्राफीही शिकवू लागले. शाळेत फोनला बंदी आहे, म्हणून माझ्या घरात पडून असलेले दोन जुने डिजिटल कॅमेरे आणले. मुलींना हा तास फार आवडायचा. ‘भावना’ असा विषय दिला होता, तेव्हा एका मुलीनं मधल्या सुट्टीत खिडकीशी बसून रडणाऱ्या वर्गमैत्रिणीचा फोटो काढला. फोटो खरोखर सुंदर होता. मी तो मोठा छापून घेतला आणि जिन्याजवळच्या फलकावर लावला. दोन दिवसांत ती का रडत होती हे शाळाभर झालं. तिच्या आईनं तक्रार केली. मोठ्या बाईंनी फलक रिकामा केला, कॅमेरे कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाल्या, “मुलींची शाळा आहे ही. फुलं-पानं काढू द्या त्यांना. फोटो नकोत.” रडणारी मुलगी माझ्या तासाला बसते, पण माझ्याकडे बघत नाही. फोटो काढणारी माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. तिनं त्या दिवसापासून पेन्सिलसुद्धा हातात घेतलेली नाही. मी काय करू? फोटोग्राफीचा नाद सोडू?
– एक कलाशिक्षिका

उत्तर :

प्रिय बाई,

नाद सोडू नका. पण कॅमेरे परत मागायला इतक्यात मोठ्या बाईंच्या खोलीतही जाऊ नका. त्याआधी एक काम राहिलंय, आणि तुमच्या सबंध पत्रात त्याचा उल्लेख नाही. जी मुलगी तुमच्याकडे बघत नाही, तिची तुम्ही माफी मागितलीत का?

वर्गासमोर नव्हे. तिला बोलवूनही नको, कारण बाईंनी बोलावलं की मुलीच्या पोटात आधी भीतीचा गोळा येतो. तास संपल्यावर सहज थांबवा आणि सरळ सांगा, “तुला न विचारता मी तुझा फोटो लावला. चूक माझी होती.” फोटो किती छान होता हे त्या वेळी चुकूनही बोलू नका. कॅमेऱ्यातली मूळ प्रत आणि छापलेला कागद या दोन्हींचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. पुसून टाका म्हणाली, तर तेवढ्यापुरतं कपाट उघडून घ्या आणि तिच्या डोळ्यांदेखत पुसा. तिला स्वतःकडे हवा असेल, तर देऊन टाका. काहीच बोलली नाही, तर आठवडाभरानं पुन्हा एकदा विचारा आणि मग विषय सोडा. तिनं तुम्हाला माफ करावं अशी अपेक्षा ठेवू नका. तो तिचा प्रश्न आहे.

हे इतक्या ठामपणे लिहितेय, कारण मीही हे केलेलं आहे. अनेक वर्षांपूर्वी वर्गातल्या एका मुलीचा पाठमोरा फोटो मी प्रदर्शनात लावला होता. चेहरा दिसत नाही, मग विचारायचं कशाला, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी फोटो जागेवर नव्हता. तिनंच काढून नेला होता. तिच्या शर्टाला पाठीवर ठिगळ होतं. मला त्या फोटोत वेणीवर पडलेलं ऊन दिसलं होतं, तिला फक्त ठिगळ दिसत होतं. तेव्हापासून मी ‘चेहरा नाही ना, मग चालतं’ हे वाक्य वापरत नाही.

तुमच्याकडे जे झालं त्यात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. त्या सुट्या करून बघा. मुलीनं फोटो काढला ही एक. तुम्ही तो छापला ही दुसरी. आणि तुम्ही तो जिन्याजवळ, सगळी शाळा जिथून जाते तिथे लावला ही तिसरी. चौदा वर्षांच्या मुलीनं ‘भावना’ हा विषय ऐकून समोरच्या रडण्याकडे कॅमेरा वळवला, यात तिला फारसा दोष देता येत नाही. तिला थांबायला कोणी शिकवलेलं नव्हतं. पहिल्या गोष्टीत चुकलं ते शिकवण्यात. पण खरा घाव बसला तो तिसरीनं, आणि त्यात कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. तुम्ही त्याच प्रसंगाचं जलरंगातलं चित्र तिथं लावलं असतंत, नि मुलगी ओळखू आली असती, तरी हेच झालं असतं. म्हणूनच ‘फोटो बंद, चित्रं चालू’ या निर्णयानं प्रश्न सुटत नाही.

मोठ्या बाईंची काळजी मात्र खोटी नाही. मुलीचा फोटो एकदा हातातून सुटला की कुठवर जाईल हे कुणाच्याच हातात राहत नाही, आणि त्याची किंमत मुलीलाच मोजावी लागते. ती काळजी डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. पण काळजीपोटी बंद केलेली दारं मुलींच्या वाट्याला काय आणतात, याचा एक जुना दाखला सांगते. लंडनची रॉयल अकादमी ही कलावंतांची संस्था 1768 साली स्थापन झाली तेव्हा संस्थापक सदस्यांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. तीन-चार वर्षांनी योहान झोफनी या चित्रकारानं अकादमीच्या सदस्यांचं एक समूहचित्र रंगवलं. सगळे चित्रकार नग्न पुरुष मॉडेलभोवती जमले आहेत असा प्रसंग. आता अशा खोलीत स्त्रिया कशा दाखवायच्या? शोभणार नाही ते. म्हणून झोफनीनं त्या दोघींना भिंतीवर टांगलेल्या तसबिरी करून टाकलं. त्या अकादमीच्या बरोबरीच्या सदस्य होत्या, पण त्या चित्रात बघणाऱ्यांत त्यांना जागा नाही. त्या बघितल्या जाणाऱ्या वस्तूंत गेल्या. पुढे पूर्ण सदस्य म्हणून निवडून आलेली पहिली स्त्री, लॉरा नाइट, यायला 1936 साल उजाडलं.

मुलींच्या शाळेत फोटोग्राफी का शिकवायची याचं माझं उत्तर त्या तसबिरींत आहे. फोटोसाठी नीट उभं राहायला, केस सारखे करायला, हनुवटी किती उचलायची ते मुली फार लहानपणी शिकतात. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून ‘मी काय बघतेय आणि का’ हे ठरवायची वेळ त्यांच्यावर फार कमी येते. म्हणून कॅमेरे कपाटात कायमचे राहता कामा नयेत.

आता परतीचा रस्ता. मोठ्या बाई ‘फुलं-पानं’ म्हणाल्या ना? मग तिथूनच सुरू करा. हे मी डाव म्हणून सुचवत नाही. फोटोग्राफीच्या इतिहासात फुला-पानांची जागा अगदी पहिल्या पानावर आहे. ॲना ॲटकिन्स या इंग्लिश वनस्पती-अभ्यासक बाईंनी 1843 साली समुद्रशैवालांचं पुस्तक काढायला घेतलं. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं आदल्याच वर्षी शोधलेली सायनोटाइप ही पद्धत त्यांनी वापरली. कॅमेरा नाही, लेन्स नाही. रसायन लावलेल्या कागदावर शैवाल ठेवायचं, उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं. गर्द निळ्यावर पांढरी आकृती उमटते. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. प्रस्तावनेखाली त्यांनी फक्त ‘ए. ए.’ अशी आद्याक्षरं लिहिली होती, आणि पुढे कुणीतरी त्याचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला. मुलींना हे जरूर सांगा, आणि मग त्यांच्या पहिल्या निळ्या कागदाच्या कोपऱ्यात पूर्ण नाव लिहायला लावा.

कृती सोपी आहे. 100 मिलिलिटर पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही द्रावणं वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवा आणि वापरायच्या वेळी सारख्या मापानं एकत्र करा. जाड चित्रकलेच्या कागदावर रुंद ब्रशनं पातळ थर द्या. हे काम खिडक्या झाकून, मंद पिवळ्या दिव्यात करा, आणि कागद अंधारातच वाळू द्या. वाळला की वर पान, फूल, गवत, लेस, काहीही मांडा, काचेनं दाबा आणि उन्हात ठेवा. भर उन्हात 10-15 मिनिटं पुरतात, ढग असतील तर बराच जास्त वेळ लागतो. मग साध्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. निळा रंग वाळताना आणखी गडद होत जातो. द्रावणं तुम्ही स्वतः किंवा विज्ञानाच्या बाईंसोबत बनवा, मुलींना हातमोजे घालायला लावा, भांडी स्वयंपाकाची नकोत, आणि पोटॅशियम फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल किंवा जाळ कधीही आणू नका.

विज्ञानाच्या बाईंना मी मुद्दाम मध्ये आणलं. उन्हातल्या अतिनील किरणांनी लोहाचं रूप बदलतं, त्यातून पाण्यात न विरघळणारा प्रशियन निळा तयार होतो आणि झाकलेल्या जागचं रसायन धुऊन जातं. हा त्यांच्याच विषयातला धडा आहे. दोन शिक्षिका मिळून एखादी गोष्ट मागायला गेल्या की मोठ्या बाईंनाही ‘हो’ म्हणणं सोपं जातं.

सायनोटाइप झाल्यावर एक दिवस वर्गालाच कॅमेरा करा. सगळ्या खिडक्या काळ्या कागदानं घट्ट बंद करा, एका ठिकाणी साधारण सेंटिमीटरभर व्यासाचं भोक ठेवा, समोर पांढरी चादर धरा. बाहेर लख्ख ऊन हवं. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं जातात. तेवढा वेळ मुली कुजबुजतात, हसतात, एखादी घाबरते. आणि मग चादरीवर बाहेरचं झाड उलटं दिसू लागतं, रंगांसकट, हलणाऱ्या पानांसकट. हा तास मी कितीदा घेतला असेल, पण त्या क्षणी वर्गात जी शांतता होते ती दरवेळी नवी असते. भोक लहान केलं की चित्र रेखीव पण अंधुक होतं. मोठं केलं की उजळ पण पसरट. हे एकदा डोळ्यांनी बघितलेल्या मुलीला नंतर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं लहान-मोठं होणारं भोक, निराळं शिकवावं लागत नाही. एफ 4, 5.6, 8, 11 हे ॲपर्चरचे आकडे पाठ करायचे नसतात, प्रत्येक पुढचा आकडा मागच्याच्या साधारण 1.4 पट असतो आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो, हे त्या वर्गातल्या गणितवाल्या मुली स्वतःच शोधून काढतील.

या दिवसांत रिकाम्या चौकटीचा सरावही सुरू ठेवा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात आयत कापायचा, एक डोळा मिटून त्यातून बघायचं. चौकट डोळ्याजवळ आणली की खूप काही मावतं, हात लांब केला की थोडंसंच उरतं. चौकटीत काय घेतलं याच्याबरोबर काय बाहेर ठेवलं तेही प्रत्येकीला वहीत लिहायला सांगा. ‘काय बाहेर ठेवलं आणि का’ या एका प्रश्नावर पूर्ण तास निघतो. तो रडणारा फोटो का काढायला नको होता, याची चर्चा पुढे कधीतरी नाव न घेता होणारच आहे. तेव्हा या वह्या उपयोगी पडतील.

एवढं केल्यावर कॅमेरे मागायला जा. दोनच आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. प्रत्येकीच्या हातात फोन असता तर प्रत्येकीनं शंभर फोटो काढले असते आणि एकही नीट बघितला नसता. चौघींत एक कॅमेरा असला की बोलावं लागतं, थांबावं लागतं, एकमेकींना पटवावं लागतं. गटाला दहाच फोटो काढायची मुभा द्या, त्यातला एक निवडायला लावा. बाकीचे नऊ का नाहीत, ते त्यांनी सांगायचं. फोटो हलला, धूसर आला म्हणून गुण कापू नका. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांना 48व्या वर्षी लेकीनं आणि जावयानं कॅमेरा भेट दिला. त्यांच्या फोटोंतल्या धूसरपणावर त्या काळच्या जाणकारांनी सडकून टीका केली, आणि आज लोक तोच धूसरपणा बघायला जातात. धूसर का ठेवलं, याचं उत्तर मुलीकडे असलं म्हणजे झालं.

मोठ्या बाईंकडे जाताना मात्र नियम कागदावर लिहून न्या. फोटो काढण्याआधी विचारायचं. काढल्यावर जिचा काढला तिला लगेच दाखवायचा. छापायचा किंवा लावायचा असेल तर पुन्हा, वेगळं विचारायचं. पहिला होकार दुसऱ्या कामाला चालत नाही. नकाराचं कारण मागायचं नाही, आणि आज दिलेला होकार उद्या मागे घेता येतो. कुणी रडत असेल, झोपलं असेल, आजारी असेल, कपडे सावरत असेल, तर कॅमेरा खाली. फोटो शाळेच्याच मेमरी कार्डावर राहतील. तुमच्या खासगी फोनवर मुलींचा एकही फोटो नको, तुमच्या हेतूबद्दल कुणाच्या मनात शंका नसली तरी नको. इंटरनेटवर काही टाकायचं नाही. वर्ष संपलं की मुलीला तिचे फोटो कागदावर द्या आणि कार्ड पुसा. पालकांची लेखी संमती घ्या. पण आईची सही आली म्हणून मुलीला विचारायचं राहू देऊ नका, कारण नको म्हणायचा सराव मुलीला करायचा आहे, आईला नव्हे.

आणि हो, ज्यांनी तक्रार केली त्या आईंना भेटायला मोठ्या बाईंच्या आधी जा. नियमांचा कागद त्यांना दाखवा आणि त्यात काय राहिलंय ते विचारा. त्या रागावलेल्या असतील, पण काय राहिलंय हे त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही.

विषय देतानाही जरा जपा. ‘भावना’ हा नववीला धोक्याचा विषय आहे, कारण भावना म्हटलं की मुलींना चेहरे आठवतात आणि चेहऱ्यात अश्रू. मी असते तर वर्षभर चेहरा लागणारच नाही असे विषय दिले असते. एकाच खिडकीचा सकाळचा, दुपारचा आणि शाळा सुटतानाचा उजेड. दप्तरं. हात. पायऱ्यांवरच्या सावल्या. स्वतःचं चित्र, पण स्वतः न दिसता. या शेवटच्या विषयाला मी फार मानते. फोनमधल्या फिल्टरनं गाल गुळगुळीत आणि डोळे मोठे करून घेण्याची सवय लागलेल्या मुली आधी गोंधळतात, मग एखादी आपल्या घासून तिरप्या झालेल्या चपलांचा फोटो आणते, एखादी उशीवरच्या खळग्याचा. त्या तासाला कुणी दिसण्याबद्दल बोलत नाही. पुढच्या वर्षी पोर्ट्रेटकडे जाल तेव्हा क्लेमेंटिना हॉवर्डन या जुन्या काळच्या छायाचित्रकार बाईंचे फोटो दाखवा. 1860च्या आसपास त्यांनी राहत्या घरात, खिडकीच्या उजेडात, आरसा आणि घरातले कपडे एवढ्याच सामग्रीवर आपल्या मुलींचे फोटो काढले. चांगल्या पोर्ट्रेटला स्टुडिओ लागत नाही, समोरच्या माणसाचं मन तिथं असावं लागतं, हे ते फोटो बघून कळतं.

आता तुमची दुसरी मुलगी, जिनं पेन्सिल खाली ठेवलीय. मला तिची काळजी पहिलीपेक्षा कमी नाही. शाळेत सगळ्यांना माहीत आहे की फोटो तिनं काढला. फलकावर तो तुम्ही लावलात हे किती जणींना माहीत आहे? हे वर्गात, सगळ्यांसमोर सांगा. माफी एकांतात, पण ही जबाबदारी मात्र चारचौघांत. “तो फोटो तिथे लावायचा निर्णय माझा होता, तिचा नव्हता,” एवढंच. आणि तिला हेही खोटं सांगू नका की फोटो वाईट होता. तिची नजर चांगलीच आहे. त्या नजरेपुढे एक माणूस होतं, हे तिला आता कळलंय, आणि बहुधा त्याच ओझ्यानं ती गप्प झालीय. या गप्पपणावर होमाई व्यारावाला यांची गोष्ट सांगावी असं मला वाटतं. भारतातल्या या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे.मध्ये कलेचं शिक्षण घेतलेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. काम स्वतःचं आणि खाली नाव दुसऱ्याचं, अशा वेळीही त्यांनी कॅमेरा खाली ठेवला नाही. तुमच्या विद्यार्थिनीचं उलट झालंय, निर्णय दुसऱ्याचा आणि नाव तिचं. ते नाव तुम्ही आधी सोडवा.

आणि कॅमेरे परत मिळाले की पहिला तिच्या हातात द्या. तिला सांगा, माझा फोटो काढ. खिडकी तिनं निवडायची, खुर्ची तिनं ठेवायची, तुम्ही कुठे बघायचं तेही तिनं सांगायचं. इतकी वर्षं आपण मुलींना बसवतो, एकदा स्वतः बसून बघा, हात कुठे ठेवावेत तेसुद्धा कळत नाही. काढून झाल्यावर ती तुम्हाला फोटो दाखवील आणि विचारील, फलकावर लावू का? नीट बघा आणि मनापासून काय वाटतं तेच सांगा. नको वाटलं, तर नको म्हणा.

तुमची
ताई